अडलेलें काडतूस

पावसाळ्यांत लांकडी दारें फुगतात आणि चौकटींत अडूं लागतात, हा अनुभव जुन्या घरांत राहणाऱ्या प्रत्येकास आहे. अशा वेळीं घरांतील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष दाराला खांदा लावून तें रेटतो. दुसरा तें करणाऱ्या सुताराच्या नांवानें बोटें मोडतो. दार नेमकें कोठें घासतें हें पाहण्यासाठीं त्याच्या कडेला खडू फांसून तें एकदां लावून-उघडून पाहणारा मनुष्य क्वचितच आढळतो. आणि आढळलाच तर तो बहुधा सुतारच असतो. रेटा आणि ठपका हीं आपलीं दोन आवडतीं अवजारें आहेत. न बसणारी कोणतीहि वस्तु समोर आली, मग तें दार असो, बरणीचें झांकण असो, कीं एखादें माणूस असो, आपला हात प्रथम या दोहोंपैकीं एकाकडे जातो. यांखेरीज तिसरेंहि एक अवजार आहे, हें मला ज्या ठिकाणीं नीट उमगलें तें ठिकाण साहित्याच्या अध्यापकास शोभण्यासारखें नाहीं. बंदुकीचीं काडतुसें भरण्याचें तें एक मेज होतें.

माझा एक भाचा बरींच वर्षें अमेरिकेंत, मिनेसोटा राज्यांत, स्थायिक झाला आहे. व्यवसायानें तो इंजिनियर. तिकडे नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीचा महिना. आणि शिकार ही तेथें राजेरजवाड्यांची मिरास नसून शिक्षक, सुतार, शेतकरी असे सर्व थरांतील लोक परवाना काढून रानांत जातात. त्यांपैकीं पुष्कळांना, उडविलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवून त्या घरींच पुन्हां भरण्याचा छंद असतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतूस बनविणें हा गुन्हा आहे. तिकडे मात्र हें एक घरगुती काम समजलें जातें. त्यांत काटकसर असते. पण काटकसरीहूनहि, आपल्या बंदुकीला नेमकें मानवेल असें काडतूस आपल्या हातांनीं सिद्ध केल्याचा अभिमान अधिक असतो. एका वर्षीं शरद्ऋतूंत मी भाच्याकडे महिनाभर राहिलों, तेव्हां त्याच्या तळघरांतील त्या मेजापाशीं माझ्या कित्येक रात्री गेल्या. बंदूक हातीं धरण्याची मला हौस नाहीं. पण कारागिरी कोणतीहि असो, ती पाहत बसण्याची मात्र आहे.

पुढील हकीकत कळण्यासाठीं काडतुसाची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली टोपी, आंत दारू आणि तोंडाशीं गोळी, एवढ्या चार वस्तूंचें काडतूस होतें. रायफलीची पुंगळी बहुधा बाटलीच्या आकाराची असते, आणि इंग्रजींत तिच्या भागांना मनुष्याच्या अवयवांचीं नांवें दिलेलीं आहेत. गोळी धरतें तें तोंड, त्याखालीं मान, मान जेथें धडाला मिळते तो खांदा. मौज ही कीं, आपण ज्याला बूड म्हणूं त्याला ते लोक डोकें म्हणतात! नळीच्या मागच्या टोकाशीं पुंगळी बसण्यासाठीं तिच्याच आकाराची जी जागा कोरलेली असते तिला चेंबर म्हणतात; आणि काडतूस आंत लोटून मागून कुलूप घालणारा जो पोलादी दांडा, त्याला बोल्ट म्हणतात.

दारू पेटली कीं वायूच्या दाबानें पितळ फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळें तो वायु मागें, बंदूक धरणाराच्या तोंडावर, येत नाहीं. दाब ओसरल्यावर पितळ किंचित् आकसते, पण मूळ मापावर येत नाहीं. ज्या चेंबरांत ती पुंगळी उडाली त्याचा ठसा तिच्या अंगावर राहतो. म्हणून ती पुन्हां भरण्यापूर्वीं डाय नांवाच्या पोलादी सांच्यांत दाबून तिला मापांत आणावी लागते. हें काम इंचाच्या सहस्रांशांचें. मनुष्याचा केस साधारणतः तीन सहस्रांश इंच जाड असतो. तेवढाहि फरक बोल्टला अडवावयास पुरतो.

भाच्याजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील एक ली-एन्फील्ड रायफल होती. तिचें काडतूस आपल्याकडे पोलिसांमुळें ‘थ्री-नॉट-थ्री’ या नांवानें सर्वांच्या परिचयाचें आहे. शिकारीचा हंगाम तोंडावर आला असतां त्यानें चाळीस काडतुसें भरलीं आणि तो चांदमारीच्या मैदानावर गेला. एकोणतीस काडतुसें विनातक्रार बसलीं. अकरा अडलीं. बोल्टचा दांडा खालीं येतां येतां मध्येंच थांबे. मैदानावरील एका गृहस्थानें ‘तळहातानें जरा ठोका, बसेल’ असा सल्ला दिला. भाच्यानें तो मानला नाहीं आणि अकराच्या अकरा काडतुसें घरीं परत आणलीं. त्या रात्रीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ तळघरांत आले. त्यांचें आयुष्य कारखान्यांत लेथवर गेलें होतें. काडतुसें भरण्याची विद्या भाच्याला त्यांनींच शिकविली होती.

वृद्धांनीं प्रथम तीं अकरा काडतुसें एका डबींत घालून बाजूस ठेवलीं. “भरलेलें काडतूस हें प्रश्न विचारण्याचें साधन नव्हे,” ते म्हणाले. मग त्यांनीं विचारलें, त्याच वेळीं तयार केलेल्या पण टोपी-दारू न घातलेल्या पुंगळ्या उरल्या आहेत काय? सहा उरल्या होत्या. त्या एकेक करून रायफलींत घालून पाहिल्या, तों त्यांतील दोन तशाच अडल्या. वृद्ध प्रसन्न झाले. मला त्यांच्या प्रसन्नतेचें आश्चर्य वाटलें, पण भाच्यानें समजावून सांगितलें, “मामा, निम्मा शोध येथेंच संपला. या पुंगळींत गोळी नाहीं, तेव्हां गोळी फार पुढें राहिली हा संशय गेला. टोपी नाहीं, तेव्हां ती वर राहिली असेल हाहि गेला. गोळी घट्ट बसावी म्हणून तोंड जास्त आवळलें आणि त्यामुळें खांदा फुगला, असेंहि म्हणतां येत नाहीं. राहिली एकटी पुंगळी.”

त्यानंतर मापकंपासाचा प्रयोग झाला. पुंगळी वारंवार उडविली कीं ती मानेकडे वाढत जाते. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीची लांबी ५६.४ मिलिमीटरांच्या वर जाऊं द्यावयाची नसते. पण या दोन्ही पुंगळ्या लांबीला निर्दोष निघाल्या. मग वृद्धांनीं दारूचा डबा दूर कपाटांत ठेवावयास लावून एक मेणबत्ती पेटविली. अलीकडे या कामीं शाईची लेखणी वापरतात. पण त्यांचा भरंवसा मेणबत्तीवर होता. रिकामी पुंगळी ज्योतीच्या शेंड्यावर फिरवून त्यांनीं तिच्या सर्वांगावर पातळ काजळी धरविली, निवल्यावर ती हलकेंच चेंबरांत ठेवली, आणि बोल्ट केवळ दोन बोटांनीं, अडेल तेथपर्यंतच, आणून परत घेतला. पुंगळी बाहेर आली तेव्हां मान काळी होती, धड काळें होतें. आणि खांद्याभोंवतीं मात्र काजळी पुसली जाऊन पितळेचें एक बारीक कडें लखलखत होतें. वृद्धांनीं त्यावर नख ठेवलें आणि ते एकच शब्द बोलले: “येथें.”

नवा दांत बसवितांना दांताचा डॉक्टर एक निळा कागद चावावयास देतो आणि ज्या ठिकाणीं निळा डाग पडेल तेवढेंच कानशीनें घासतो. त्याची मला त्या क्षणीं आठवण झाली. दोघांचेंहि शास्त्र एकच. अडणारी वस्तु स्वतः बोलत नाहीं. पण तिला थोडें काजळ लावलें, तर आपलें दुखणें कोठें आहे हें ती दाखवून देते.

पुढचा प्रश्न, खांदा पुढें आला कसा? वृद्धांनीं विचारलें, “या सगळ्या पुंगळ्या तुझ्याच बंदुकींतल्या ना?” तेव्हां भाच्याला आठवलें कीं, उन्हाळ्यांत मैदानावर दुसऱ्या एका ली-एन्फील्डवाल्यानें आपल्या मूठभर पुंगळ्या त्याला देऊन टाकल्या होत्या, आणि त्या त्याच डब्यांत मिसळल्या होत्या. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीला बुडाशीं एक कड असते आणि त्या कडेवरच ती चेंबरांत तोलली जाते. खांद्यानें टेंकण्याची तिला गरज नसते. म्हणून, चिखलानें भरलेलें काडतूसहि अडूं नये या धोरणानें, त्या बंदुका बनविणारांनीं खांद्यापाशीं मोकळी जागा सढळ हातानें ठेवली. आणि ही सढळता प्रत्येक बंदुकींत सारखी नसे. दुसऱ्याच्या ऐसपैस चेंबरांत वाढलेल्या त्या पुंगळ्या भाच्यानें आपल्या नेहमींच्या रीतीप्रमाणें केवळ मानेपुरत्याच डायमध्यें दाबल्या होत्या. स्वतःच्या पुंगळ्यांना तेवढें पुरे होतें, कारण त्यांचे खांदे त्याच्याच चेंबरनें घडविलेले होते. परक्या पुंगळ्या परक्या घराचें माप अंगावर घेऊन आल्या होत्या.

उपाय सरळ होता. पण त्यांतहि एक मेख होती. पुंगळी सबंध दाबणारी डाय लावावयाची, परंतु ती अर्धवट खालीं आणली तर धड आवळलें जाऊन खांदा मागें जाण्याऐवजीं उलट पुढेंच सरकतो. म्हणजे अर्धा उपाय हा मूळ रोगाहून वाईट. उलटपक्षीं, फाजील दाबलें तर पुढच्या वेळीं उडतांना पितळ ताणली जाऊन काहीं आवृत्त्यांनंतर पुंगळी बुडाजवळ तुटते. म्हणून डाय थोडी फिरवावयाची, पुंगळी दाबावयाची, चेंबरांत घालून पाहावयाची. पुन्हां थोडी फिरवावयाची. चौथ्या खेपेस बोल्ट स्वतःच्या वजनानें उतरावा तसा उतरला. त्या अकरा काडतुसांच्या गोळ्या एका हातोडीसारख्या साधनानें ठोकून उपसल्या, दारू काढून घेतली. भरलेलें काडतूस डायमध्यें दाबण्याचा विचारहि मनांत आणूं नये, असें वृद्धांनीं दोनदां बजावलें.

‘ठोका, बसेल’ हा सल्ला ऐकला असता तर काय झालें असतें, असें मी विचारलें. उत्तर असें मिळालें कीं, या प्रसंगीं कदाचित् कांहींच झालें नसतें. आणि हीच त्या सल्ल्याची सर्वांत घातक बाजू होय. बोल्टच्या दांड्याला तरफेचें बळ असतें. त्यानें खांदा चेपून काडतूस बसलें असतें, आणि जोर लावला कीं बसतें हा धडा मनांत राहिला असता. पुढें केव्हां तरी पुंगळी लांबीला अधिक भरते. तिचें तोंड चेंबरच्या टोकाशीं दाबलें जाऊन गोळीला आवळून धरतें, आणि तिला मोकळें होण्यास जागाच न मिळाल्यानें आंतील दाब भलताच चढतो. किंवा गोळी फार पुढें बसविलेली असते. ती नळींतील पिळाच्या उंचवट्यांत रुतते आणि काडतूस परत ओढतांना गोळी नळींत आणि दारू यंत्रांत सांडून राहते. बाहेरून या सर्व दोषांचें लक्षण एकच: बोल्ट अडतो. हाताला लागणारा अडथळा सारखाच. आणि त्यांतील कोणता निरुपद्रवी व कोणता प्राणघातक हें हाताला कळत नाहीं. तें काजळीला कळतें.

त्याच डब्याच्या तळाशीं मला एक मळकट पुंगळी सांपडली. तिच्या बुडावर ‘के’ व ‘एफ्’ हीं इंग्रजी अक्षरें उठविलेलीं होतीं. भाचा हंसून म्हणाला, “मामा, ही आपल्या खडकीची!” पुण्याजवळ खडकी येथें १८६९ सालीं काढलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याची ती खूण. जुन्या लष्करी मालाबरोबर ती इतक्या दूर आली होती, पण तिकडील साधनांनीं ती सहज भरतां येत नसे. बर्डन नांवाच्या अमेरिकनानें काढलेली टोपीची पद्धत युरोपनें आणि आपल्या कारखान्यांनीं उचलली. बॉक्सर नांवाच्या इंग्रजानें काढलेली पद्धत अमेरिकेनें उचलली. तेव्हां अमेरिकनाची विद्या अंगावर बाळगणारी ती खडकीची पुंगळी अमेरिकेंतच परकी ठरली होती.

एकाच नांवाचें काडतूस ठिकठिकाणच्या कारखान्यांत बनलें म्हणजे काय होतें, हें त्या पुंगळीवरून बोलतां बोलतां निघालें, आणि वृद्धांनीं रॉस रायफलीची हकीकत सांगितली. पुढें ती मीं पुस्तकांतून मुद्दाम वाचून काढली. विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅनडानें आपल्या सैन्यासाठीं सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश बॅरोनेटनें योजिलेली रायफल पत्करली. ती क्वेबेक येथें बनत असे, आणि नेमबाजीच्या सामन्यांत तिचा लौकिक मोठा होता. तिचें चेंबर अत्यंत काटेकोर. कॅनडांत बनलेलीं थ्री-नॉट-थ्री काडतुसें तींत चपखल बसत. एप्रिल १९१५ मध्यें बेल्जममधील ईप्र येथें जर्मनांनीं क्लोरिन वायु सोडला. त्या हिरवट धुरांत कॅनडाची पहिली डिव्हिजन ठाण मांडून लढली. परंतु तिच्या हातीं आलेलीं काडतुसें पुष्कळशीं ब्रिटनमध्यें युद्धाच्या घाईंत बनलेलीं, मापाला किंचित् सैल अशीं होतीं. ली-एन्फील्डच्या ऐसपैस चेंबरांत तीं बिनबोभाट बसत. रॉसमध्यें तीं अडकत; बसलीं तर उडाल्यावर निघत नसत; आणि नळी तापली म्हणजे बोल्ट जागचा हालत नसे. रॉसचा बोल्ट फिरवावयाचा नसून सरळ ओढावयाचा होता. त्यामुळें दांडा फिरवितांना मिळणारें तरफेचें बळहि त्याला फारसें नव्हतें. शत्रु समोरून चालून येत असतां तीं पोरें बुटांच्या टांचांनीं आणि खणत्यांच्या दांड्यांनीं आपल्याच बंदुकांचे बोल्ट ठोकीत बसलीं. हजारावर शिपायांनीं रॉस फेंकून देऊन मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या. चारच दिवसांनीं त्याच रणांगणावर आपली लाहोर डिव्हिजन उतरली; तिच्या जवानांच्या हातीं ली-एन्फील्डच होत्या.

पुढें जो वाद माजला तो मला त्या लढाईइतकाच उद्बोधक वाटतो. कॅनडाचे युद्धमंत्री सॅम ह्यूज यांनीं सांगितलें, बंदूक उत्तम आहे, काडतुसें वाईट आहेत. सेनापति आल्डरसन यांचें म्हणणें, माझीं माणसें मरत आहेत, बंदूक बदला. मंत्र्याचा रोष ओढवून घेतलेल्या आल्डरसन यांचें सेनापतिपद १९१६ च्या मे महिन्यांत गेलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ह्यूज यांचें मंत्रिपदहि गेलें. तत्पूर्वींच आघाडीवरील कॅनडाच्या सर्व डिव्हिजनांना ली-एन्फील्ड देण्यांत आली होती. रॉसमध्यें दुसरेहि दोष होते; बोल्ट मागें ओढला असतां तो ज्या अडणीवर आदळे तिच्यामुळें त्याच्या आट्यांची कड चेपत असे. तथापि काडतुसापुरतें बोलावयाचें तर दोन्ही पक्ष खरें बोलत होते, आणि म्हणूनच दोघांनाहि दुसऱ्याचें खरें ऐकूं येत नव्हतें. बंदूक चांगली होती. लपून नेम धरणारे निष्णात शिपाई निवडक काडतुसें घेऊन तीच रॉस पुढेंहि आवडीनें वापरीत राहिले. काडतुसेंहि दुसऱ्या बंदुकींत बसत होतीं. दोष दोहोंच्या मधल्या, केसाहूनहि अरुंद जागेंत होता, आणि त्या जागेचा कैवार घेणारा कोणताच पक्ष नव्हता.

तीस वर्षें अध्यापन केलेल्या मनुष्यास हें वाचून आपल्या वर्गाची आठवण होणें स्वाभाविक आहे. दर वर्षीं खेड्यापाड्यांतून मराठी शाळांत शिकलेलीं मुलें आमच्या वर्गांत येऊन बसतात, आणि त्यांतील कांहीं अडतात. शिक्षकांच्या खोलींत मग तेच दोन पक्ष. एक म्हणतो, दर्जा घसरला. दुसरा म्हणतो, मार्गदर्शिका पाठ करून घ्या म्हणजे बसतील. एका तालुक्याच्या गांवाहून आलेली एक मुलगी वर्षभर ‘कच्ची’ म्हणून गणली जात होती. तिचे कागद बाजूला घेऊन पाहिले तेव्हां दिसलें कीं, समजुतींत ती कच्ची नव्हती, लिहिण्यांतहि नव्हती. भरभर बोललेलें इंग्रजी तिच्या कानांना पकडतां येत नव्हतें, एवढेंच. एवढी एकच जागा घासत होती. व्याख्यानाचा सारांश आदल्या दिवशीं तिच्या हातीं पडूं लागला आणि अडथळा संपला. मनुष्य पितळेचा नसतो. त्याला डायमध्यें घालून दाबतां येत नाहीं, आणि येऊंहि नये. परंतु तो कोठें तरी एका विशिष्ट ठिकाणींच अडलेला असतो, सर्वांगानें नव्हे, ही गोष्ट मात्र पितळेइतकीच त्याच्याहि बाबतींत खरी आहे.

रॉसच्या चेंबरांपुरता तोडगा अखेर निघाला. आंतली जागा किंचित् रुंद करून देण्यांत आली आणि ब्रिटिश काडतुसें तींत बसूं लागलीं. एका लहानशा अवजारानें कोणाहि चांगल्या कारागिराला करतां यावें असें तें काम होतें. तें ईप्रच्या आधीं करण्यास कोणतीहि अडचण नव्हती. ब्रिटनच्या कारखान्यांतील मूठभर काडतुसें आणि क्वेबेकच्या कारखान्यांतील एक बंदूक एका मेजावर आणून, थोडी काजळी लावून, दोन बोटांनीं बोल्ट लावून पाहणारा एक मनुष्य तेवढा हवा होता.